पन्नास पत्रं, एक सही

ता. ४, मंगळवार

चि. टिटवीस,

आशीर्वाद. मी बरा आहे, म्हणजे गुडघा सोडून बाकीचा बरा आहे. तू वेळेवर जेवतेस का? फोनवर विचारलं की "हो मामा" म्हणतेस आणि लगेच पुढचं बोलायला लागतेस, म्हणून लिहून विचारतो. लिहिलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं, असं तुझी आई म्हणायची. शिवाय माझा डावा कान आता पुरता कामातून गेला आहे. तेव्हा पत्रच बरं.

तू सांगितल्याप्रमाणे काल त्या कचेरीत जाऊन आलो. आपण निवडून दिलेल्या गृहस्थांच्या. सकाळी आठला निघालो, अर्ध्या वाटेवरून परत आलो, गॅस बंद केला होता की नाही ते आठवेना. बंद होता. पुन्हा निघालो. जिन्याचे कोपरे थुंकून थुंकून असे झालेत की कठड्याला हात लावावासा वाटेना, आणि या गुडघ्यामुळे हात लावल्याशिवाय चढवेना. वर गेल्यावर समोर त्यांचा भिंतभर फोटो. हातावर कबूतर घेऊन हसताहेत, खाली लिहिलंय 'निसर्ग आपला सोबती'. तू कधी गेलीस तर त्या कबुतराचे डोळे बघ. सोबतीचे नाहीत ते.

टपाल घ्यायला एक चष्मेवाला कारकून असतो. मी म्हटलं, "तळ्याबद्दल पत्रं पाठवली होती. तीनशे चाळीस. त्यांचं काय झालं?"

त्यानं रजिस्टरवर बोट फिरवलं. "तळं... तळं... हं, आलंय. एक पत्र."

"एक नाही हो, तीनशे चाळीस."

"मजकूर एकच ना?"

"छापलेला होता. माझ्या भाचीनं छापून घेतला आणि लोकांनी सह्या केल्या."

"मग एकच. एकसारखा मजकूर आला की गठ्ठा बांधायचा आणि एक पत्र म्हणून नोंद करायची. पद्धत आहे."

"आणि माणसं तीनशे चाळीस, त्यांचं?"

"माणसं मोजायची पद्धत नाही आमच्याकडे, बाबा."

मी विचारलं, गठ्ठा आहे कुठे? त्यानं हनुवटीनं दाखवला. तिथे पिण्याच्या पाण्याची टाकी आहे, तिचा एक पाय मोडलाय. त्या पायाखाली आपली पत्रं आहेत, टिटवे. नळ गळतो. कागद फुगून पावासारखे झालेत, निळी शाई फरशीवर उतरली आहे. मी बघत असतानाच एक जण आला, पेलाभर पाणी प्यायला आणि उरलेलं त्याच गठ्ठ्यावर ओतून गेला. दारोदार फिरून गोळा केलेल्या सह्या त्या. तुझ्या चपलेचा अंगठा त्या दिवसांत तुटला होता, तू दोरा बांधून फिरत होतीस. मला अशी शिसारी आली की तोंडात आलेलं पाणी गिळावं की थुंकावं कळेना. मग वाटलं, जिन्यात थुंकणारेही बहुधा असेच इथून उतरले असतील.

पण ऐक. मी तिथून हललो नाही. मी म्हटलं, "मजकूर वेगवेगळा असेल तर?" तो म्हणाला, मग वेगवेगळी नोंद. आणि एका विषयावर वेगवेगळी पन्नास झाली की फाइल उघडावी लागते. फाइल उघडली की ती सुनावणीत ठेवावी लागते आणि प्रत्येकाला लेखी उत्तर द्यावं लागतं. तळं बुजवून ट्रकतळ करायचाय, त्याची सुनावणी अठ्ठावीस तारखेला आहे. म्हणजे हातात तीन आठवडे आणि थोडे दिवस.

तर मी ठरवलंय. पन्नास माणसं, पन्नास पत्रं, प्रत्येक हातानं लिहिलेलं, प्रत्येक वेगळं. चौथीत शाळा सोडलेला माणूस पन्नास पत्रं लिहिणार! हस तू. ताई असती तर तीही हसली असती आणि मग माझी वेलांटी दुरुस्त करत बसली असती.

इकडे खिडकीतून पश्चिमेची बाजू दिसते तिथे भराव टाकणं चालूच आहे. सुनावणी व्हायची आहे, परवानगी मिळायची आहे, तरी रोज चार-पाच गाड्या येतात. काल काय टाकलं सांगू? फुटके कमोड, सलूनमधले केस, कोंबड्यांची पिसं आणि कुजलेल्या गाद्या. पाणकणसाचं बेट होतं ना, जिथे तू चिखलात बूट घालवला होतास, ते अर्धं गाडलं गेलंय. वारा इकडचा असला की जेवण जात नाही.

जुनं आठवत बसतो. तळ्याचं पाणी सोडायच्या गेटाच्या दांड्यावर तू खडूनं रेघ मारायचीस. घरट्यांच्या दिवसांत गेट त्या रेघेच्या वर उचलायचं नाही, पाणी एकदम उतरू द्यायचं नाही, हा माझ्या आधीच्या गेटवाल्याचा नेम. त्यानं मला शिकवला, मी तुला. तू सहा वर्षांची होतीस आणि मला दटावायचीस, "मामा, रेघ!"

अहवालाचं विचारलंयस. तू पाठवलेली झेरॉक्स फार पुसट आहे, माझा चष्माही जुना. चार वर्षांपूर्वीची पाहणी, त्यात 'या पाणथळीत एकही घरटं आढळलं नाही' असं लिहिलंय, हे तर तुलाच माहीत आहे, त्याच जोरावर हा ट्रकतळ होतोय. खाली 'गेटवरील कर्मचारी, साक्षीदार' असं छापलंय आणि वर सही आहे ती मला काही लागत नाही. मी त्या आठवड्यात रजेवर होतो, हे तुला सांगितलं आहेच. बदलीवर कोणी आला असेल. सही शोधण्यात वेळ घालवू नकोस. त्यातून काय निघणार?

दुधाचं पातेलं उतू जायला आलंय वाटतं. पुरे करतो.

तुझा मामा

(सही करत नाही, पेन नीट चालत नाही.)


ता. १३, गुरुवार

चि. टिटवीस,

आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. जेवणाबद्दल पुन्हा उत्तर नाही.

पन्नास झाली! काल नेऊन दिली. आधी ते सांगतो.

पहिल्यांदा शिंप्याकडे गेलो. तो म्हणाला, "गेटमामा, मला पक्ष्यांतलं काय कळतं? मी काय लिहू?"

मी म्हटलं, "शेवटचा पक्षी कधी बघितलास?"

"आज सकाळी. दुकानाच्या पाटीवर शिटला."

"कोणता?"

"तो निळा. मासे मारतो तो." मग म्हणाला, "एका बाईला त्या निळ्या रंगाचा दोरा हवा होता. सगळा बाजार पालथा घातला. नाही मिळाला." मी म्हटलं, झालं तुझं पत्र. हेच लिही.

सलूनवाल्यानं लिहिलं की पाणथळ बुजायला लागल्यापासून बेडूक गेले आणि डास आले, दाढी करताना गिऱ्हाईक गालावर चापट मारतं आणि कापलं की दोष वस्तऱ्याला. आपल्या मागच्या गल्लीतला म्हातारा ड्रायव्हर, त्याची सहा पानं झाली. साडेपाच पानं मुलगा विचारत नाही याबद्दल आणि शेवटी 'तळ्यावर बसलं की बरं वाटतं' एवढं एक वाक्य. मी काही कापलं नाही. एकानं तर लिहिलं की तळं बुजवाच, माझ्या पोराला ट्रकतळावर काम मिळेल. मी घाबरलो, हे घ्यावं की नाही? रात्रभर विचार केला. मग घेतलं. त्याच्या पोराला खरंच काम नाही, ते काही खोटं नाही. आणि मजकूर तर वेगळाच आहे.

सगळ्यांत चांगलं पत्र इस्त्रीवालीचं. बांधाखाली तिची टपरी आहे, आठवते? तिला लिहिता येत नाही. तिनं सांगितलं, मी लिहिलं. ती म्हणाली, "लिहा. टिबुकली डुबकी मारते तेव्हा मी श्वास धरते. ती वर आली की सोडते. कधी ती जिंकते, कधी मी. दिवसभर निखाऱ्यांच्या धगीत उभी असते, तेवढाच माझा खेळ आहे. तळं गेलं तर मी कोणाशी खेळू, असं विचारा त्यांना." मी लिहून वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग अंगठा दाबला आणि म्हणाली, "गेटमामा, तुमच्यामुळे माझं म्हणणं मोठ्या टेबलावर जाणार."

मला त्या क्षणी तिथून उठून जावंसं वाटलं. का ते जाऊ दे.

काल कचेरीत कारकुनानं एकेक पत्र उघडून पाहिलं. एकसारखं निघतंय का बघत होता. निघालं नाही. चष्मा काढून पुसला आणि पन्नास शिक्के मारले. त्याचं तोंड असं झालं होतं की जणू मी त्याच्या ताटात पाल टाकली. पण मारले.

तेवढ्यात आतून तो आला. साहेबांचा उजवा हात. त्याला सगळे अत्तरवाला म्हणतात, कारण तो यायच्या आधी वास येतो आणि गेल्यावरही तासभर बसून राहतो. मला पाहून हात पसरले. "अरे, गेटमामा! किती दिवसांनी! खोली कशी आहे? गळत नाही ना?"

मी म्हटलं, नाही.

"काही लागलं तर सांगा हं. निवृत्त माणसाला गेटवरच्या खोलीत राहू देणं नियमात बसत नाही, पण साहेब माणूस बघतात." माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्या पन्नास पत्रांकडे बघत चहा मागवला. त्या पेल्याच्या कडेला कोणाच्या तरी ओठांचा डाग होता. मी प्यायलो. नाही म्हणता आलं नाही, टिटवे. तुझ्या मामाला कधीच नाही म्हणता आलं नाही. घरी येऊन ओकलो.

आमची जुनी ओळख आहे, कामामुळे. माणूस चांगला नाही. ताई शेवटची आजारी होती तेव्हा यानंच मला गेट सोडून जाऊ दिलं नव्हतं. त्याच्या अत्तराचा वास माझ्या पांढऱ्या शर्टाला लागलाय. दोनदा धुतला, जात नाही. आज इस्त्रीला दिला, म्हटलं धगीनं जातो का बघू.

तू लिहितेस की अहवालाची चांगली प्रत मिळवायला अर्ज केला आहेस आणि सही ओळखणारा एक माणूस मिळाला की सगळा अहवाल आडवा पडेल. असेलही. पण आता पन्नास पत्रं गेली आहेत ना? मग त्या सहीचं काय एवढं? पन्नास माणसांपुढे एका माणसाची सही किती टिकणार? तू लहानपणापासून अशीच, एक गोष्ट धरलीस की ओरडून ओरडून जीव खातेस. उगाच नाही टिटवी नाव ठेवलं.

रागावू नकोस. तसं म्हणायचं नव्हतं. काल गोळी घेतली की नाही आठवत नाही, म्हणून आज दोन घेतल्या आणि आता डोकं गरगरतंय.

आणि हल्ली पत्राखाली सही का करत नाही, असं विचारलंयस. घरच्या माणसाला कसली सही?

तुझा मामा


ता. २६, बुधवार

चि. टिटवीस,

आशीर्वाद. आज प्रकृतीचं वगैरे काही लिहीत नाही. हे पत्र जलद टपालानं टाकतो आहे, उद्या तुझ्या हातात पडेल. परवा सुनावणीला यायला निघण्याआधी बसून वाच. उभ्यानं वाचू नकोस.

शनिवारी सगळ्यांना उत्तरं आली. पन्नासच्या पन्नास जणांना, छापील. आपण एकसारखी पत्रं पाठवली तर ती एक धरतात, आणि त्यांनी पन्नास एकसारखी पाठवली तर ती पन्नास उत्तरं झाली! शिंप्याला तेच, सलूनवाल्याला तेच, तळं बुजवा म्हणणाऱ्यालाही तेच.

इस्त्रीवाली पाकीट घेऊन माझ्याकडे आली. हात पदराला पुसून पाकीट दोन्ही हातांत धरलं होतं. "वाचा, गेटमामा. माझ्या नावानं आलंय. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावानं काही आलंय."

मी वाचायला लागलो. "आपले पत्र मिळाले. आपल्या भावनांचा आदर आहे. तथापि तज्ज्ञांच्या अहवालानुसार सदर जागी पक्ष्यांची घरटी नाहीत." त्याच्यापुढे आणखी एक ओळ होती. ती मी वाचली नाही. सरळ 'आपला नम्र' वर गेलो.

ती म्हणाली, "एवढंच? केवढं मोठं दिसतंय आणि एवढंच?" मी म्हटलं, मोठ्या लोकांची अक्षरं मोठी. ती हसली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आली. माझा पांढरा शर्ट घडी करून हातावर घेतलेला. दारातच उभी राहिली.

"शिंप्यानं मला पुन्हा वाचून दाखवलं," ती म्हणाली. "तुम्ही एक ओळ गाळली होती."

मी शर्टासाठी हात पुढे केला. तिनं दिला नाही.

"त्यात लिहिलंय की गेटवर काम करणाऱ्या माणसानंच सांगितलं, इथे घरटी नाहीत. आणि सही दिली." ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या खिडकीकडे बघत होती. "शिंपी म्हणाला, असा कोण नालायक असेल? सलूनवाला म्हणाला, त्याचे हात कसे झडले नाहीत? मी काही म्हटलं नाही. गेटवर किती माणसं होती, गेटमामा?"

मी म्हटलं, "एकच."

तिनं शर्ट खाटेवर ठेवला. "वास गेला नाही," ती म्हणाली. "पण कडक इस्त्री केली आहे. सुनावणीला घालून जा." आणि गेली. इस्त्रीचं काही मागितलंही नाही, शिवीसुद्धा दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

आता तुला सांगतो. तू बहुधा कधीच ओळखलं असशील. आई गेल्यावर काही दिवसांनी तू विचारलंस, मामा, तुम्ही वेळेवर का आला नाहीत? मी म्हणालो, गेटवर ड्यूटी होती, सोडलं नाही. मग तू अहवालाचं विचारलंस तेव्हा म्हणालो, रजेवर होतो. टिटवे, तो एकच आठवडा होता. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या तर लहान मूलसुद्धा ओळखील. तू ओळखून माझी वाट बघत राहिलीस का? तसं असेल तर फार वाट बघितलीस.

त्या आठवड्यात अत्तरवाला सोमवारी आला होता. म्हणाला, परवा पाहणीची माणसं येणार, त्याआधी पाणी उतरवा, वहीत 'गेट दुरुस्ती' लिहा. मी म्हटलं, घरट्यांचे दिवस आहेत. तो म्हणाला, "म्हणून तर." मग माझ्या खोलीत बसला, छताकडे बघितलं, खिडकीतून तळ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "छान जागा आहे. सहा महिन्यांनी निवृत्त झालात की सोडावी लागेल नाही?"

एवढंच बोलला. धमकी दिली नाही, ओरडला नाही. मला तेवढंच पुरलं. मी लगेच हिशेब केला की कुठे जाणार. तुझ्याकडे येऊ शकलो असतो, तू शंभरदा बोलावलं होतंस. पण मला हीच खिडकी हवी होती. सकाळी उठून तळं दिसलं पाहिजे, हा माझा हट्ट. तळं दिसत राहावं म्हणून मी काय केलं ते वाच.

मी चाक फिरवलं. दांड्यावर तुझी रेघ होती. तू मोठी होऊन गेलीस तरी मी दर वर्षी खडू घेऊन ती मारायचो, तुझ्यासारखीच वाकडी. ती रेघ वर आली, माझ्या डोळ्यांसमोरून गेली आणि मी फिरवतच राहिलो. एका दिवसात पाणी गेलं. टिबुकलीचं घरटं पाण्यावर तरंगतं, पाणकणसाला बांधलेलं असतं, तुला मी खांद्यावर बसवून दाखवलं होतं. पाणी नाही म्हटल्यावर ती सगळी घरटी चिखलात बसली. उघडी. तिला निघताना अंडी ओल्या पाल्यानं झाकायची सवय, तशी झाकून ती गेली होती. ते झाकणं कुत्र्यांपुढे काय कामाचं?

तिथे संपलं नाही. अत्तरवाला म्हणाला, घरटी दिसता कामा नयेत. मी दाताळं आणि बादली घेऊन चिखलात उतरलो. एकतीस घरटी होती. मी मोजली, मला मोजायची सवय. काही अंडी अजून कोमट होती. दोन फुटली, त्यांत पिल्लं होती, एकाची चोच हलत होती. मी ती बादलीत टाकली. चिखलाचा आणि फुटक्या अंड्यांचा तो वास मी अजून नाकातून काढू शकलेलो नाही. लोक अत्तरवाल्याच्या वासाला नाकं मुरडतात तेव्हा मी गप्प बसतो. माझा त्याहून वाईट आहे, फक्त मला एकट्याला येतो. बादल्या खोलीच्या मागे पुरल्या. माझी खाट ज्या भिंतीला आहे त्या भिंतीमागे. चार वर्षं मी तिथे डोकं करून झोपतो आहे.

बुधवारी सकाळी तुझा निरोप आला, आई बोलावते आहे, मामा लगेच या. मी अत्तरवाल्याला म्हटलं, बहीण शेवटच्या घटकेला आहे. तो म्हणाला, पाहणी होऊ द्या, सही करा आणि मग खुशाल जा. ती माणसं दुपारी आली, बांधावरून चिखलाकडे बघितलं, नाकाला रुमाल लावला, चहा घेतला. मी सही केली. ताईनं शिकवलेली सही. शाळा सुटली तेव्हा तिनं पाटीवर गिरवून घेतली होती, शेवटी खाली वळवून शेपटी काढायची, म्हणायची, "अशी केलीस की कोणी तुझी नक्कल करणार नाही." सही करून बस पकडली. मी पोचलो तेव्हा तिला घराबाहेर काढत होते. तू माझ्या गळ्यात पडून रडलीस. माझ्या नखांत चिखल होता. तू माझा हात धरून म्हणालीस, "मामा, काम टाकून धावत आलात ना?" मी हो म्हणालो.

मला वाटलं होतं पन्नास माणसांची पत्रं गेली की माझं लिहायचं राहून जाईल. पन्नास जण खरं बोलले की एकाचं खोटं आपोआप बुडेल. तसं होत नाही. ते पन्नास जणांना माझीच सही पुढे करून गप्प बसवतात.

म्हणून आज सकाळी एक्कावन्नावं पत्र देऊन आलो. माझं स्वतःचं. गेट, रेघ, बादल्या, एकतीस, सही, खोली, सगळं. तुझ्या आईचं त्यात काही लिहिलं नाही, ती त्यांच्या टेबलावर नको. कारकुनानं नेहमीप्रमाणे उघडलं, एकसारखं आहे का बघायला. वाचत गेला. दुसऱ्या पानावर थांबला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शेवटी म्हणाला, "हा मजकूर वेगळा आहे." शिक्का मारला. मग हळूच म्हणाला, "बाबा, नक्कल ठेवलीत ना? इथे कागद ओले होतात." मी म्हटलं, दोन ठेवल्यात. एक या पाकिटात आहे.

अत्तरवाला जिन्यात भेटला. त्याला वर पोचायच्या आधीच कळलेलं असतं. हसला नाही. "चार वर्षं आरामात राहिलात ना, मामा?"

मी म्हटलं, "राहिलो. आराम नव्हता."

"दहा तारखेपर्यंत खोली रिकामी पाहिजे."

मी त्याच्या बाजूनं खाली उतरलो. कठडा धरावा लागला नाही. का कोण जाणे, गुडघा दुखला नाही. आता रात्री दुखतोय.

मी तुझ्याकडे राहायला येईन असं समजू नकोस आणि बोलावूही नकोस, निदान लगेच नको. ड्रायव्हरच्या पडवीत जागा आहे, मुलगा विचारत नाही म्हणून त्यालाही कोणीतरी हवं आहे. परवा मी सुनावणीला येणार. पांढरा शर्ट घालून. तू माझ्याशेजारी बसली नाहीस तरी चालेल, बोलली नाहीस तरी चालेल. इस्त्रीवालीला मात्र तुझ्या शेजारी बसव, तिला कोणी वाचून दाखवायला लागेल. सगळं वाच. ओळ गाळू नकोस.

आणि अहवालाची चांगली प्रत आली नसेल तर तुझ्याकडची ती पुसट झेरॉक्स बरोबर आण. खाली सही करतो आहे, पेन अगदी नीट चालतंय. ताईनं शिकवली तशीच आहे, शेपटीसकट. दोन्ही कागद त्यांच्यापुढे शेजारी शेजारी ठेव आणि जुळवून दाखव. मामा म्हणून सही करायचा हक्क मला उरलाय की नाही, ते तू ठरव. तोवर त्या अहवालात लिहिलं आहे तेच लिहितो.

(सही)
गेटवरील कर्मचारी